तुझे हात दिसले नाहीत

पांढुर्णा,
रविवार, उपासनेनंतर

चि. बाबूस,


आठ दिवस तुझ्या फोनची वाट पाहिली. मी लावला तर दोनदा वाजून बंद झाला. म्हणून आज कागद घेऊन बसलो. फोनवर मी चिडतो, तू "हो मामा, हो मामा" म्हणत राहतोस, आणि बोलायचं ते राहून जातं.

पोळा झाला, गोटमार झाली आणि त्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी मी बाजारात गेलो, तर आपल्या कांदेवाल्यानं मोबाइल पुढे केला. "मास्तर, हा तुमचाच भाचा व्हय ना?" ४३ सेकंदांचा व्हिडिओ. सौंसरचा बाजार. तुम्ही पाच-सहा जण, एकाच्या गळ्यात गिटार, खाली चाकांचा स्पीकर. तू पांढऱ्या शर्टात. अर्धा वेळ गाणं आहे. गाणं चांगलं झालं, ते मी नाकारत नाही. तुझा आवाज तुझ्या आजोबांवर गेलाय, वरच्या पट्टीत थोडा कापतो आणि मग सावरतो. मग गाणं थांबतं. तुझ्या शेजारचा दाढीवाला मुलगा माइक हातात घेतो आणि एक वाक्य बोलतो. समोर उभ्या असलेल्या लोकांच्या देवांबद्दल तो जे बोलला ते मी इथे लिहिणार नाही. त्यावर टाळ्या वाजतात. नेमका तेव्हाच मोबाइल धरणाऱ्याचा हात हलतो, चित्र पत्र्याच्या छपराकडे जातं, आणि तुझे हात दिसत नाहीत.

कांदेवाल्याकडून तो व्हिडिओ मी माझ्या फोनवर घेतला. रात्री तुझी मामी झोपल्यावर किती वेळा पाहिला ते विचारू नकोस. त्या टाळ्यांत तुझी टाळी होती का, बाबू?

गावात तोंडं तेवढ्या गोष्टी. एक म्हणतो पोलीस आले आणि तुम्हाला ठाण्यात बसवून ठेवलं. दुसरा म्हणतो, कोणी आलं नाही, चार पोरांनी स्पीकर उलथवला आणि तुम्ही नागपूरची बस धरली. तिसरा म्हणतो, तुम्ही लोकांना पैसे वाटत होता. हे तिसरं खोटं, ते मला कुणी सांगायची गरज नाही. तुझ्याकडे मेसचे पैसे महिन्याच्या वीस तारखेला संपतात. पण खोटं असलं तरी ते फिरतंय. ताईला विचारलं तर ती नुसती "ठीक आहे रे, झालं" म्हणाली आणि दुसरा विषय काढला. तुझी आई विषय बदलते तेव्हा काय असतं ते मी लहानपणापासून ओळखतो.

तू म्हणशील, घटनेचं कलम २५ आहे. आहे ना. मीच तुला ते आठवीत शिकवलं. धर्म पाळायचा, सांगायचा, पसरवायचा हक्क त्यात आहे आणि त्याला सार्वजनिक सुव्यवस्थेची मर्यादाही त्याच कलमात आहे. शिवाय तू सावनेर मागे टाकून हद्द ओलांडलीस की मध्य प्रदेशात येतोस. इथे १९६८ पासून धर्म स्वातंत्र्याचा कायदा आहे. २०२१ मध्ये तो नव्यानं आणि अधिक कडक झाला. त्यात प्रकरण उभं राहिलं तर आपण निर्दोष आहोत हे दाखवायचं ओझं आरोपीवर येतं. रस्त्यात गाणं म्हणणं हा गुन्हा नाही. पण त्या एका वाक्यानंतर तुमचं गाणं कुणाच्या लक्षात राहिलं? बाजारातल्या एकालाही तुम्ही कोणतं गीत म्हटलंत ते आठवत नाही. मी चार जणांना विचारलं. वाक्य मात्र चौघांनाही पाठ आहे.

मी तुला गाऊ नकोस असं सांगायला बसलो नाही. हे नीट वाच, कारण तू हेच चुकीचं वाचशील. देवाची स्तुती घरात कोंडून ठेवायची वस्तू आहे असं मी कधी म्हटलं नाही, निदान मागच्या चाळीस वर्षांत नाही. (त्याआधीचं पुढे सांगतो.) तुमच्या तरुण संघाच्या फलकावर ११७ व्या स्तोत्राचा आकडा होता, तो मी व्हिडिओत पाहिला. दोन वचनांचं स्तोत्र. अख्ख्या पवित्र शास्त्रात त्याहून लहान अध्याय नाही. तुझ्या आजोबांनी आम्हा भावंडांना पहिल्यांदा तेच पाठ करायला लावलं, लहान आहे म्हणून. पण ते तुम्ही फलकावर लिहिलंत आणि वाचलं नाहीत. सगळ्या राष्ट्रांना तो स्तोत्रकर्ता स्तुतीला बोलावतो आणि कारण काय देतो? तुमचे देव खोटे, असं म्हणत नाही. आम्ही श्रेष्ठ, असंही म्हणत नाही. देवाची आमच्यावर फार दया झाली आणि त्याचं सत्य टिकतं, एवढंच सांगतो. आणि बोलावणारा कोण? मिसर, अश्शूर, बाबेल असल्या थोराड राज्यांच्या मधे चेपलेली एक एवढीशी जमात. लहान घरातल्या माणसानं मोठ्या वाड्यांना जेवायला बोलावावं, तसं ते बोलावणं आहे. बोलावणारा दारात उभा राहून आधी पाहुण्याच्या आईबापाला नावं ठेवतो का?

आता रोमकरांस पत्राचा १५ वा अध्याय काढ. पौल तिथं जुन्या करारातली चार वचनं एकाखाली एक मांडतो, राष्ट्रांनी देवाचं स्तवन करावं म्हणून, आणि त्यात आपलं ११७ वं आहे. पण त्याच्या आधीचा १४ वा अध्याय वाच. तिथं भांडण चाललंय. कशावरून? कोण मांस खातो, कोण नुसता भाजीपाला खातो, कोण कोणता दिवस पाळतो. अगदी आपल्या गल्लीतलं भांडण. पौल आधी म्हणतो, एकमेकांना जवळ करा. आणि मग राष्ट्रांचं गाणं काढतो. त्याच क्रमानं. तुमच्या पाळकसाहेबांना विचार, ते माझ्यापेक्षा जास्त शिकलेले आहेत. पण क्रम त्यांनाही बदलता येणार नाही.

राष्ट्र म्हणजे काय, असं मी बाबांना लहानपणी विचारलं होतं. त्यांनी मला उचलून ओट्यावर बसवलं आणि रस्ता दाखवला. संत्र्यांचं टोपलं डोक्यावर घेतलेली माळीण, जंगलातून चारोळी विकायला आलेल्या गोंड बाया, सिंधी कापडवाला, आणि स्टेशनकडून येणारा तेलुगू गँगमन, कारण दिल्ली-मद्रासची लाइन आपल्याच गावातून जाते. "हे सगळे," बाबा म्हणाले, "आणि आपण त्यांच्यामधे." १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून आपल्या घरात प्रार्थना मराठीत आणि रेशन कार्ड हिंदीत. छिंदवाड्याला स्वीडनहून मिशनरी आले, ते हिंदी शिकले, गोंडी शिकले. त्याच्याही कितीतरी आधी थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१६ मध्ये त्याचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, जवळजवळ ११ हजार ओव्यांचं. विलायतेतला माणूस आपल्या ओवीत मांडी घालून बसायला शिकला. आणि तुम्ही सौंसरच्या बाजारात, जिथं म्हातारी मेथीची जुडी सुद्धा मराठीत विकते, तिथं गायलात काय? एक इंग्रजी आणि एक हिंदी. मराठी एक ओळ नाही. हे मला त्या वाक्याखालोखाल लागलं.

तिलकांना विसरलास का रे? नारायण वामन टिळक. आपल्या घरात त्यांना सगळे तिलकच म्हणत, म्हणून मीही तेच लिहितो. त्यांची वाट आपल्याच भागातून गेली. नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयानं त्यांनी काम केलं आणि १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या माणसानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. घर तुटलं. पत्नी लक्ष्मीबाई पाच वर्षं दूर राहिल्या. ते सगळं लक्ष्मीबाईंनी स्मृतिचित्रांत लिहिलंय, ते पुस्तक तुझ्या आईकडे आहे, मागून घे. एवढं सोसलेला माणूस. त्याला आपल्या जुन्या लोकांवर राग काढायचा असता तर कुणी अडवलं असतं? त्यांनी राग काढला नाही. कीर्तन केलं. अभंग लिहिले. तुकाराम हाच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणणारा पूल आहे, असं ते मानत. ज्या पुलावरून आपण आलो त्यावर कुऱ्हाड घालायची नसते, हे त्यांना कळत होतं. आपली आजी टाळ घेऊन त्यांचे अभंग गायची तेव्हा शेजारची वारकरी बाई उंबऱ्याशी येऊन बसायची आणि चाल ओळखीची म्हणून ताल धरायची. कुणी तिला बोलावलं नाही, कुणी तिला हाकललं नाही.

आता गोटमारीचं सांगतो. तू सौंसरचा, तुला ती टीव्हीवरचीच माहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड उभं करतात, त्यावर झेंडा. इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव, आणि मधे दगडांचा पाऊस. आपल्या गावचा पोरगा सावरगावची पोरगी पळवून नेत होता आणि नदीत दोन्हीकडून दगड पडले, म्हणून ही चाल, असं म्हणतात. दर वर्षी शेकड्यानं डोकी फुटतात. माणसं मेली आहेत. बाबा कंपाउंडर होते हे तुला माहीत आहे. त्या दिवशी ते सकाळीच अंगणात खाट टाकत, एका पितळी गंजात उकळून गार केलेलं पाणी, कापूस, टिंचर आयोडीन, जुन्या धोतरांच्या पट्ट्या. दुपारनंतर पोरं यायला लागायची. बाबा कुणाला पांढुर्ण्याचा का सावरगावचा विचारत नसत. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "डोक्याले विचारू का?" जखम धुताना ते गुणगुणत. टिंचर झोंबतं ना, पोरगा हात झटकायचा, तेव्हा बाबांचा आवाज थोडा मोठा व्हायचा, त्याचं लक्ष तिकडे जावं म्हणून. मी गंज धरून उभा असे. रक्तानं पाणी गुलाबी व्हायचं, मी ते नालीत ओतून नवं आणायचो, आणि परत येईपर्यंत बाबा दुसऱ्या कडव्यावर गेलेले असत. एका वर्षी कपाळाला टाके पडलेला एक दांडगा पोरगा दुसऱ्या वर्षी जखम नसताना आला आणि म्हणाला, "काका, ते मागच्या वर्सीचं गाणं काय होतं?" बाबांनी त्याला गाणं म्हणून दाखवलं. बस्स. तो आपल्या मंडळीत आला नाही, पुढे ग्रामपंचायतीत निवडून आला आणि बाबा गेले तेव्हा खांदा द्यायला सगळ्यांत पुढे तोच होता.

म्हणून तुझ्या त्या दाढीवाल्या मित्राचं वाक्य ऐकलं आणि मला नदीचं पात्र आठवलं. गाणं म्हणता म्हणता त्यानं दगड उचलला. आणि तू शेजारी उभा होतास. तुझे हात मला दिसले नाहीत.

आता माझं सांगतो. हे मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही.

मी नागपूरला शिकायला होतो. एकोणीस वर्षांचा. खोलीत आम्ही तिघे, आणि त्या दोघांना मी माझं घर कोणत्या उपासनेचं ते सांगितलं नव्हतं. खोटं बोललो नव्हतो. नुसतं सांगितलं नव्हतं. आडनावावरून कळत नाही, आणि कुणी विचारलं नाही. एका शनिवारी बाबा न कळवता आले. धोतर, काळा कोट, खांद्यावर संत्र्यांची करंडी, त्यावर ओला गोणपाट. पांढुर्ण्याहून पॅसेंजरनं ती करंडी मांडीवर घेऊन आले होते, कारण खाली ठेवली तर संत्री दबतात. दोघे मित्र बाहेर व्हरांड्यात होते. मी डबा आणला. बाबा हात धुऊन बसले, डोळे मिटले, आणि घरी म्हणतात तसं जेवणाआधीचं गीत सुरू केलं. पूर्ण आवाजात. त्यांना दुसरा आवाजच नव्हता.

मी उठलो आणि खिडकी लावली. मग दार.

बाबांनी डोळे उघडले नाहीत. पण आवाज खाली आला. दुसरं कडवं त्यांनी ओठांतल्या ओठांत म्हटलं, तिसरं म्हटलंच नाही. जेवताना एवढंच म्हणाले, "गरम होते, बाबू." मी ऐकलं नाही असं दाखवलं. खिडकी उघडली नाही. संध्याकाळच्या गाडीनं ते परत गेले. रिकामी करंडी मी त्यांना स्टेशनवर दिली तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, नेहमी ठेवत तसाच, कमी नाही, जास्त नाही.

त्यानंतर ते सतरा वर्षं जगले. सतरा वर्षांत माझ्या तोंडून एकदाही निघालं नाही की बाबा, त्या दिवशी मी खिडकी लावली. दर नाताळला ठरवायचो. त्यांनी विषय काढला नाही, आणि मला वाटत राहिलं की ते विसरले असतील. आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे आहे आणि मला ठाऊक आहे की असलं काही बाप विसरत नाही.

हे तुला का सांगतोय? कारण तो व्हिडिओ बघताना पहिल्या पंधरा सेकंदांत, त्या वाक्याच्या आधी, माझ्या मनात काय आलं ते लिहितो. तू भर बाजारात डोळे मिटून गात होतास. लोक बघत होते, कुणी हसत होतं, एक जण फोन धरून होता, आणि तुला पर्वा नव्हती. मला वाटलं, हे मला कधी जमलं नाही. एकोणिसाव्या वर्षी नाही, पन्नाशीत नाही. शाळेत तीस वर्षं काढली, पण माझी प्रार्थना ओठांच्या आतच राहिली. तू जे केलंस ते मी करायला हवं होतं, बाबांच्या शेजारी, खिडकी सताड उघडी ठेवून. मग ते वाक्य आलं आणि मला तुझा इतका राग आला, कारण इतकं चांगलं चाललेलं तुम्ही हातानं बिघडवलंत.

रागावलो, झालं. आता पुरे.

त्या दाढीवाल्याला तोडू नकोस. तोही कुणाचा तरी भाचा असेल. त्याला एकदा पांढुर्ण्याला घेऊन ये. मी त्याला व्याख्यान देणार नाही. बाबांचा पितळी गंज दाखवीन, आणि जमलं तर त्याच्याकडून एक गाणं ऐकीन, कारण खरं सांगायचं तर गिटार तोच वाजवत होता, आणि चांगली वाजवत होता. बाजारात पुन्हा गायचं असेल तर गा, दिवसाउजेडी, स्पीकरची परवानगी काढून, आणि मराठीत. मला आधी कळव. मी सौंसरला येईन. माझे गुडघे फार वेळ उभं राहू देत नाहीत, पण स्टूल घेऊन येईन आणि तुमच्या कडेला बसेन. बाबांची खंजिरी माझ्याकडे आहे, तिचं कातडं सैल झालंय, उन्हात ठेवली की बोलते. वाजवायला मला येत नाही, ताल तेवढा धरता येतो.

पेटीचा भाता उंदरानं कुरतडला होता, तो मी नागपूरहून दुरुस्त करून आणलाय. नाताळला ये. तोवर बागेत आंबिया बहाराची संत्री तयार होतील, यंदा झाडं बरी लागली आहेत. मामी तुझ्यासाठी करंज्या वेगळ्या डब्यात ठेवते, हे तुला माहीतच आहे. गेल्या वर्षी तू आला नाहीस तर तो डबा फेब्रुवारीपर्यंत तसाच होता. रात्रीच्या बसनं येऊ नकोस.

पत्र इथे संपवणार होतो, पण आत्ता दुपारी ताईचा फोन आला. आधी पाऊस, मग कापसाचं, मग म्हणाली की तुझा तो पांढरा शर्ट धुवायला तिच्याकडेच राहिलाय आणि उजवी बाही खांद्यापासून उसवली आहे, मनगटाजवळ डाग आहे, तो दोनदा धुऊनही गेला नाही. एवढं बोलून ती गप्प बसली. मीही बसलो.

बाबू, कुणी ओढलं तुला? हाताला लागलंय का? धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंस का? गंजलेल्या पत्र्याचं असेल तर उशीर करू नकोस, आजच जा. टाळीचं मी विचारलं ते सोड. त्याचं उत्तर नको मला. उजवा हात दुखत असेल तर पत्रही लिहीत बसू नकोस, फोन उचल तेवढा. मी आज रात्री आणि उद्या सकाळी सहाला लावीन.

तुझा,
मामा